ग्लासगोचे कारभारी आणि मद्रासचे रॉकेल

२२ सप्टेंबर १९१४ ची रात्र. पहिले महायुद्ध सुरू होऊन जेमतेम सात आठवडे झाले होते. युद्ध युरोपात, आपण येथे, अशा समजुतीत मद्रास शहर निश्चिंत होते. समुद्रकाठचे दिवेही नेहमीप्रमाणे उजळलेले होते. साडेनऊच्या सुमारास 'एम्डन' नावाची जर्मन युद्धनौका बंदरासमोर येऊन उभी राहिली. तिचे कप्तान कार्ल फॉन म्युलर यांनी प्रकाशझोत टाकून आपले लक्ष्य हेरले आणि अवघ्या काही मिनिटांत शंभराहून अधिक तोफगोळे शहराच्या दिशेने सोडले. काही माणसे दगावली. हायकोर्टाच्या भिंतीला मार बसला. दुसऱ्या दिवसापासून घाबरलेल्या लोकांची शहराबाहेर रीघ लागली. आजही तमिळ बोलीत धाडसी आणि बेरकी माणसाला 'एम्डन' म्हणतात.

परंतु म्युलर यांचे लक्ष्य हायकोर्ट नव्हते, गव्हर्नरचा बंगलाही नव्हता. ते बंदराजवळच्या तेलाच्या टाक्यांवर नेम धरून आले होते. त्या टाक्या पेटल्या, सुमारे साडेतीन लाख गॅलन तेल जळून गेले, आणि त्या ज्वाळांचा उजेड समुद्रात दूरवर दिसत राहिला. टाक्या होत्या बर्मा ऑइल कंपनीच्या. हिंदुस्थानातील एखाद्या शहरावर घाव घालायचा तर तेलावर घालावा, ही गोष्ट शत्रूच्या नाविकाला कळली होती. मद्रासच्या नागरिकांना मात्र आपल्या घरातील दिव्याचे तेल कोणाच्या हुकमाने येते, याची फारशी जाणीव असण्याचे कारण नव्हते. तो हुकूम स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातून सुटत असे. तो सोडणारे गृहस्थ म्हणजे सर जॉन ट्रेल कारगिल. १९०४ पासून १९४३ पर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षे, ते या कंपनीचे अध्यक्ष होते. लडाखमधील कारगिलशी या नावाचा काही संबंध नाही. परंतु आपल्या देशाच्या आर्थिक इतिहासाशी मात्र निकटचा आहे. त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना, मोठा उद्योग चालविणाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावे लागतात आणि त्या गुणांची मर्यादा कोठे पडते, या प्रश्नाचा विचार आपोआपच होतो.

प्रथम तेलाकडे पाहू. आपल्याकडे पूर्वी दिव्यात एरंडेल, करडईचे किंवा खोबऱ्याचे तेल जळत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेल आले आणि त्याने घरोघर प्रवेश केला. मराठीने त्याला 'रॉक ऑइल'वरून रॉकेल म्हटले, 'गॅस लाइट'वरून घासलेट म्हटले. तमिळ माणसाने सरळ 'मण्णेण्णै', म्हणजे मातीचे तेल, असे नाव दिले. नावे वेगवेगळी, पण वस्तू एकच. चिमणी आणि कंदील आले, रात्र थोडी लांबली, विद्यार्थ्याला रात्री वाचता येऊ लागले, किराणा दुकानदाराचा व्यवहार दिवेलागणीनंतरही चालू राहिला. तेल संपले तरी डबा संपत नसे. पाणी भरायला, धान्य साठवायला, कापून छपरावर ठोकायलासुद्धा रॉकेलचा पत्र्याचा डबा चाले. एखादी परदेशी वस्तू गरिबाच्या झोपडीत इतकी मुरल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

हे तेल आरंभी अमेरिकेतून आणि रशियातून येई. त्यांच्याशी झुंज देत तिसरे तेल पुढे आले ते ब्रह्मदेशाचे. इरावती नदीच्या काठी येनांजांव नावाचे ठिकाण आहे. नावाचाच अर्थ तेलाचा ओढा. तेथे इंग्रज येण्यापूर्वी कित्येक पिढ्या हाताने विहिरी खणून तेल काढीत. या विहिरींचा हक्क वंशपरंपरेने चोवीस घराण्यांकडे चालत आला होता. त्यांना 'त्विन्झा' म्हणत. तेलाचा उद्योग परकीयांनी पूर्वेला शिकविला, असे जे कोणी म्हणतात त्यांनी या चोवीस घराण्यांचे स्मरण ठेवावे. डेव्हिड साइम कारगिल या स्कॉटिश व्यापाऱ्याने डबघाईला आलेली रंगूनची एक तेल कंपनी विकत घेतली, आणि १८८६ मध्ये, म्हणजे उत्तर ब्रह्मदेश इंग्रजांनी खालसा केला त्याच वर्षी, बर्मा ऑइल कंपनीची रीतसर नोंदणी केली. यंत्राने विहिरी खोल गेल्या. रंगूनसमोर सिरियम येथे तेल शुद्ध करण्याचा कारखाना वाढत गेला. आणि तेथून जहाजे मद्रासला, कलकत्त्याला, मुंबईला निघू लागली.

या धंद्याचे एक मर्म येथे सांगितले पाहिजे. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा राज्यकारभाराच्या दृष्टीने हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. त्यामुळे अमेरिकन तेलावर आयात जकात बसे, ब्रह्मदेशच्या तेलावर ती बसत नसे. कंपनीच्या भरभराटीत भूगर्भाचा वाटा जेवढा, जवळजवळ तेवढाच सरकारी जकातीचा होता. मद्रासची गिऱ्हाइके हे या कंपनीचे खरे भांडवल, आणि ती टिकवणे हा तिच्या धोरणाचा आरंभ आणि शेवट होता. पुढे जे घडले त्याची किल्ली येथेच आहे.

डेव्हिड कारगिल १९०४ मध्ये निवर्तले आणि अध्यक्षपद त्यांचे चिरंजीव जॉन यांच्याकडे आले. त्या वेळी जॉन कारगिल ३७ वर्षांचे होते. १८९० नंतरची दोन-तीन वर्षे त्यांनी रंगूनला कंपनीच्या व्यवस्थापक पेढीत उमेदवारी केलेली होती. धंद्याचा चिखल पायाला लागलेला होता. तथापि ते धाडसी शोधक नव्हते, की यंत्रज्ञही नव्हते. वडिलांच्या गादीवर बसलेले, हिशेबाने चालणारे, भागधारकाचा पैसा म्हणजे ठेव मानणारे ते व्यापारी होते. त्यांच्या पिढीत अमेरिकेचे रॉकफेलर आणि हॉलंडचे हेन्री डेटरडिंग असे बलाढ्य पुरुष तेलाच्या दुनियेत वावरत होते. त्यांच्यापुढे कारगिल हे नाव फिके वाटते. गंमत अशी, की विसाव्या शतकातील एका अत्यंत दूरगामी घटनेचा खर्च मात्र याच सावध गृहस्थाने सोसला.

ती घटना इराणची. ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या खाणीत श्रीमंत झालेले विल्यम नॉक्स डार्सी यांनी १९०१ मध्ये इराणच्या शहाकडून तेल शोधण्याचा साठ वर्षांचा मक्ता मिळविला होता. स्वतः डार्सी यांनी इराणात कधी पाऊल टाकले नाही. परंतु विहिरी कोरड्या जात राहिल्या आणि त्यांची थैली रिकामी होऊ लागली. ब्रिटिश नौदलाला त्याच सुमारास कोळशाऐवजी तेल जाळण्याचे वेध लागले होते. हा मक्ता परक्यांच्या हाती पडू नये म्हणून नौदल खाते बर्मा ऑइलकडे वळले. १९०५ मध्ये कारगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डार्सींबरोबर करार केला आणि इराणातील शोधाचा खर्च अंगावर घेतला.

त्यांनी तो का घेतला? देशभक्तीचा भाग त्यात होता, हे नाकारण्याचे कारण नाही. सरकारची मर्जी सांभाळण्याचा हेतूही होता. कारण ब्रह्मदेशातील मक्ते आणि जकातीचे संरक्षण सरकारच्याच हाती होते. परंतु सर्वांत निकडीचा हेतू दुसराच होता. इराणात तेल सापडले आणि ते प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेले, तर ते कोणत्या बाजारात ओतले जाईल? जवळचा मोठा बाजार एकच, हिंदुस्थान. म्हणजे मुंबई आणि मद्रास येथील कंदिलांची गिऱ्हाइकी राखण्यासाठी ग्लासगोचे व्यापारी इराणच्या डोंगरात पैसा ओतू लागले. जगाच्या इतिहासाला वळण देणारे निर्णय कित्येकदा अशा अगदी घरगुती चिंतेतून घेतले जातात.

इराणात प्रत्यक्ष काम पाहणारे इंजिनिअर होते जॉर्ज रेनॉल्ड्स. हे पूर्वी आपल्याच सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. वय पन्नाशी ओलांडलेले, तोंडाने फटकळ, कामाला वाघ. रस्ता नाही, प्यायला धड पाणी नाही, उन्हाळा भाजून काढणारा, टोळीवाल्यांशी रोज नवा तंटा. अशा मुलखात हा मनुष्य वर्षानुवर्षे विहिरी खोदीत राहिला. त्यांच्या छावणीच्या रक्षणासाठी हिंदी लष्करातील तुकडी पाठविण्यात आली होती. तिचे अधिकारी लेफ्टनंट आर्नल्ड विल्सन यांनी त्या दिवसांची हकीकत लिहून ठेवली आहे.

१९०८ च्या वसंतात ग्लासगोतील धीर सुटत चालला. खर्च ठरल्यापेक्षा बराच वर गेला होता. अधिक रकमेत वाटा उचलण्यास डार्सी असमर्थ होते. तेव्हा मे महिन्यात रेनॉल्ड्स यांना लेखी आज्ञा निघाली, की चालू विहिरी १६०० फुटांपर्यंत न्याव्यात, आणि तेथवर तेल लागले नाही तर काम बंद करून यंत्रसामग्री परत पाठवावी. तारेने इशारा आला, सविस्तर पत्र मागाहून निघाले. पत्र पोहोचण्यापूर्वीच, २६ मे १९०८ रोजी पहाटे चारच्या सुमारास, मस्जिद-ए-सुलेमान येथील विहिरीतून सुमारे ११८० फुटांवरून तेलाचा फवारा उसळला. मध्यपूर्वेतील पहिला मोठा तेलसाठा हाती आला होता.

ही हकीकत सांगताना रेनॉल्ड्स यांना वीर आणि कारगिल यांना भित्रे ठरविण्याची प्रथा आहे. ते मला न्याय्य वाटत नाही. ज्याने फायलीवर सही करून पैसा मंजूर केला आहे, त्याला त्या सहीचे ओझे ठाऊक असते. तीन वर्षे कोरड्या विहिरींवर दुसऱ्यांचा पैसा खर्च करीत राहणे यालाही एक प्रकारचे धैर्य लागते. ते घोड्यावर बसलेल्या माणसाच्या धैर्याइतके डोळ्यांत भरत नाही, एवढेच. शिवाय ती आज्ञा नीट वाचली तर तिच्यात आजच काम सोडा, असे म्हटलेले नाही. एक मर्यादा घालून दिली आहे, आणि यश त्या मर्यादेच्या आतच आले. सावध मनुष्याने जेथे थांबायचे ठरविले होते, त्याच्या चारशे फूट अलीकडे तेल होते.

परंतु याच प्रकरणात कारगिल यांच्या कारभाराची दुसरी बाजूही दिसते. १९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली. तिच्या भागांसाठी ग्लासगोच्या बँकेत लोकांची झुंबड उडाली. सामान्य भाग जवळजवळ सगळेच बर्मा ऑइलच्या मालकीचे होते. आणि ज्यांनी तेल शोधून काढले ते रेनॉल्ड्स? त्यांना १९११ मध्ये एक हजार पौंड देऊन निरोप देण्यात आला. वरिष्ठांना टोचणारी पत्रे लिहिणारा कनिष्ठ कोणत्याही कचेरीला फार दिवस सोसत नाही. मात्र अशा माणसाला सांभाळून घेणे हीच खऱ्या कारभाऱ्याची कसोटी असते, आणि त्या कसोटीला ग्लासगोची मंडळी उतरली नाहीत. १९१४ मध्ये विन्स्टन चर्चिल यांच्या पुढाकाराने ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियनचे निम्म्याहून अधिक भाग बावीस लाख पौंडांना घेतले. बर्मा ऑइल मुख्य मालकाची दुय्यम भागीदार झाली. त्याच वर्षी मद्रासच्या टाक्यांवर एम्डनचे गोळे पडले. तेल ही यापुढे व्यापाऱ्याची खासगी बाब राहिली नव्हती, याच्या या दोन खुणा होत्या.

पुढची वर्षे बाजारपेठेच्या लढाईची. १९२१ मध्ये आसाम ऑइल कंपनीचा, म्हणजे दिग्बोईच्या तेलाचा, कारभार बर्मा ऑइलकडे आला. १९२७ मध्ये अमेरिकन कंपनीने रशियाचे स्वस्त रॉकेल हिंदुस्थानात आणले, तेव्हा डेटरडिंग यांनी चिडून भाव पाडले आणि दरयुद्ध भडकले. कारगिल यांना युद्धाची हौस नव्हती. त्यांचा कल नेहमी समेटाकडे असे. १९२८ मध्ये बर्मा ऑइल आणि शेल यांनी आपला हिंदुस्थानातील विक्रीचा संसार एकत्र केला आणि 'बर्मा-शेल' हे नाव जन्माला आले. पुढे कित्येक दशके खेडोपाडी हे नाव म्हणजेच रॉकेल आणि पेट्रोल असे समीकरण होऊन बसले. भावांची चढाओढ थांबली हे खरे. पण चढाओढ थांबली की तिचा लाभ कोणाला होतो आणि तोटा कोणाच्या चुलीपर्यंत जातो, हे चाणाक्ष श्रोत्यांना सांगायला नको.

आता या कारकिर्दीचे जे मोठे उणे, त्याकडे वळू. कारगिल दानशूर होते. ग्लासगो विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे, रंगूनच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही कंपनीचे नाव होते. परंतु ज्या भूमीतून तेल निघे, तेथील माणूस त्यांच्या हिशेबात मजुरीच्या रकान्यापलीकडे फारसा आलेला दिसत नाही. त्विन्झा घराण्यांच्या विहिरी एकामागून एक कंपनीकडे गेल्या. सिरियमच्या कारखान्यात आंध्र किनाऱ्यावरून आणि मद्रास इलाख्यातून जहाजाने गेलेले हजारो मजूर राबले. १९३८ मध्ये येनांजांव आणि चाउक येथील कामगारांनी संप पुकारला. ठाकिन पो ह्ला जी यांच्या नेतृत्वाखाली ते शेकडो मैल पायी चालत रंगूनकडे निघाले. विद्यार्थी त्यांना मिळाले. त्या डिसेंबरात रंगूनला पोलिसांच्या मारहाणीत आउंग जॉ हा विद्यार्थी मरण पावला. ब्रह्मी पंचांगातील १३०० साल चालू होते, म्हणून तेथील इतिहासात हे 'तेराशेचे आंदोलन' म्हणून ओळखले जाते. मजुरीच्या तक्रारीतून ते सुरू झाले आणि स्वराज्याच्या लढ्यात जाऊन मिळाले. पन्नास वर्षे ताळेबंद अचूक मांडणाऱ्या कंपनीला हे देणे मात्र कोणत्याच पानावर दिसले नव्हते.

यानंतर चार वर्षांतच सगळे खेळ संपले. जपानी फौजा जवळ आल्या तेव्हा मार्च १९४२ मध्ये सिरियमचा कारखाना आणि एप्रिलमध्ये येनांजांवच्या विहिरी ब्रिटिशांनी आपल्याच हातांनी उद्ध्वस्त केल्या. कंपनीने नुकसानभरपाईसाठी सरकारवर दावा लावला आणि १९६४ मध्ये तो हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जिंकलाही. पण दुसऱ्याच वर्षी पार्लमेंटने मागील तारखेपासून लागू होणारा कायदा करून तो निकाल निष्फळ केला. जन्मभर सरकारचा आसरा धरून वाढलेल्या कंपनीला सरकारनेच असा हात दाखवावा, यातील धडा उघड आहे. कारगिल १९४३ मध्ये निवृत्त झाले आणि १९५४ मध्ये वारले. हा निकाल पाहण्यास ते नव्हते.

त्यांच्या सावधपणाची किंमत त्यांच्या वारसांना फार उशिरा कळली. साठ-सत्तरीच्या दशकात कंपनीचे नवे चालक झपाट्याने विस्तार करू लागले. अमेरिकेत कर्ज काढून खरेदी केली, तेलवाहू जहाजांचा मोठा ताफा भाड्याने घेतला. १९७३ नंतर जहाजांचा धंदा बसला, भागांच्या किमती कोसळल्या, आणि १९७४ च्या शेवटच्या दिवशी बँक ऑफ इंग्लंडला कंपनी वाचविण्यासाठी धाव घ्यावी लागली. त्या बदल्यात कंपनीजवळ असलेले ब्रिटिश पेट्रोलियमचे, म्हणजे पूर्वीच्या अँग्लो-पर्शियनचे, सुमारे एक-पंचमांश भाग बँकेने पडत्या भावाने घेतले. १९०८ मध्ये धडधडत्या काळजाने पेरलेले पीक असे दुसऱ्याच्या कोठारात गेले. २००० मध्ये उरलेली कंपनीही ब्रिटिश पेट्रोलियमनेच विकत घेतली.

आणि मद्रास? मद्रासचे तेल आता ग्लासगोच्या हुकमावर अवलंबून नाही. १९६५ मध्ये भारत सरकार, अमेरिकेची अमोको आणि इराणची राष्ट्रीय तेल कंपनी यांनी मिळून मद्रास रिफायनरीज ही कंपनी स्थापन केली. शंभरातील ७४ भाग भारताचे, १३-१३ भाग इतर दोघांचे. शहराच्या उत्तरेस मणली येथे वर्षाला २५ लाख टन तेल शुद्ध करणारा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. योगायोग पाहा, त्यासाठी तेल इराणातूनच यायचे होते. पण आता इराण आणि भारत हे स्वतंत्र देश म्हणून एका टेबलाशी बसले होते. १९७६ मध्ये बर्मा-शेलही सरकारने ताब्यात घेतली आणि तिची पुढे भारत पेट्रोलियम झाली. मद्रासचे चेन्नई झाल्यावर मणलीच्या कंपनीनेही २००० मध्ये चेन्नई पेट्रोलियम हे नाव घेतले. ती आज इंडियन ऑइलची उपकंपनी आहे. पाण्याच्या दुर्भिक्षावर मात करण्यासाठी या कारखान्याने शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरण्याचा मार्ग धरला, ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे.

अशा सरकारी कंपनीच्या प्रमुखाचे नाव सहसा कोणाच्या ओठांवर नसते. ठरलेल्या मुदतीपुरता तो खुर्चीवर बसतो. लेखापरीक्षक, संसदेच्या समित्या, मंत्रालय, कामगार संघटना, शेजारच्या वस्तीतील नागरिक, या सर्वांना त्याला उत्तर द्यावे लागते. कारगिल यांना चाळीस वर्षांत भागधारकांखेरीज फारसे कोणाला उत्तर द्यावे लागले नाही. त्यांचे काम सोपे होते असे नव्हे. पण त्यांच्या हिशेबाची वही लहान होती. आजच्या कारभाऱ्याची वही मोठी आहे आणि म्हणून त्याचे पाऊल कधी कधी जड पडते, निर्णयाला विलंब लागतो. त्याबद्दल आपण कुरकुर करतो आणि ती पुष्कळदा रास्तही असते. तरी येनांजांवहून रंगूनच्या वाटेला लागलेल्या कामगारांची आठवण ठेवली, म्हणजे वही मोठी असण्याचे मोल ध्यानात येते.

कारगिल यांच्याकडून घेण्याजोगे पुष्कळ आहे. परक्याचा पैसा जपून वापरावा, धोका पत्करताना त्याची मर्यादा आधी ठरवावी, आणि एकदा मर्यादा ठरली की तेथवर मात्र जावे. त्यांच्याकडून जे घेऊ नये तेही तितकेच स्पष्ट आहे. कटू बोलणाऱ्या हुशार सहकाऱ्याला हजार पौंडांत निरोप देऊ नये. आणि ज्याच्या जमिनीतून व घामातून संपत्ती निघते, त्याचे देणे ताळेबंदाबाहेर ठेवू नये. तेल संपते, कंपन्यांची नावे बदलतात, टाक्या जळतात आणि पुन्हा बांधल्या जातात. परंतु ताळेबंदाबाहेर राहिलेले देणे इतिहास कधी ना कधी वसूल करतोच.